ट्रिगर मासा आणि काचेतला समुद्र

खाऱ्या पाण्याचे रंगीत मासे घरच्या काचपेटीत पाळण्याची हौस दुसऱ्या महायुद्धानंतर रुजली. पहिल्या दोन-तीन दशकांत ट्रिगर हा तिचा लाडका मासा होता. तो दिसायला देखणा, प्रकृतीने दणकट, खाण्यात हावरा आणि रोज खाऊ घालणाऱ्या माणसाला ओळखणारा. पुढे याच हौसेने त्याला पेटीबाहेर काढले. मधल्या काळात मासा होता तसाच राहिला. पेटीची यंत्रणा मात्र बदलली, आणि तिच्यात समुद्राचे कोणते रूप पाहायचे याची कल्पनाही बदलली. म्हणून ट्रिगर पाळण्याचा इतिहास पाहिला की काचेतल्या समुद्राचा सगळा इतिहास ओळीने समोर येतो.

माशाची घडण

ट्रिगर मासे बॅलिस्टिडी कुळातले. उष्ण आणि समशीतोष्ण समुद्रांत या कुळाच्या सुमारे ४० जाती आहेत. शरीर दोन्ही बाजूंनी चपटे, कातडी जाड आणि चिवट खवल्यांची. डोळे डोक्यावर खूप वर आणि मागे असतात, आणि दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरतात. तोंड लहान, पण जबडा भक्कम. वरच्या आणि खालच्या जबड्यात बाहेरच्या ओळीत आठ-आठ छिन्नीच्या घडणीचे दात असतात. इतर बहुतेक मासे शेपटीच्या फटकाऱ्याने पुढे जातात, तर ट्रिगर पाठीवरचा मागचा पर आणि पोटाखालचा पर यांना लाटेसारखी हालचाल देत सावकाश पोहतो. त्याला जागच्या जागी थांबता येते, उलटेही जाता येते. शेपटी तो पळ काढण्यासाठी राखून ठेवतो.

त्याच्या पाठीवरच्या पुढच्या परात तीन काटे असतात. पहिला काटा जाड आणि लांब. तो उभा झाला की मागचा छोटा दुसरा काटा त्याच्या बुडाशी अडसर होऊन बसतो. मग पहिल्या काट्यावर कितीही जोर दिला तरी तो दुमडत नाही. दुसरा काटा दाबला की मात्र पहिला लगेच खाली बसतो. धोका दिसला किंवा रात्र झाली की मासा खडकाच्या फटीत शिरतो, वरचा काटा उभा करतो आणि पोटाखालचे हाड खाली रेटून स्वतःला पाचरीसारखा घट्ट बसवतो. अशा माशाला ओढून बाहेर काढणे शत्रूला जमत नाही.

खेकडे, शिंपले, गोगलगायी आणि काटेरी सी अर्चिन हा बहुतेक जातींचा आहार. अर्चिनचे काटे लांब असले तरी त्याच्या पोटाकडची बाजू उघडी असते. ट्रिगर तोंडाने पाण्याचा झोत मारून त्याला उलटे पाडतो आणि खालून फोडतो. वाळूत दडलेले भक्ष्यही तो अशाच फुंकरीने उघडे करतो आणि वाटेतला दगड दातात धरून बाजूला टाकतो. विणीच्या दिवसांत वाळूत खळगा करून घातलेल्या अंड्यांवर तो पहारा देतो. ७५ सेंटिमीटरपर्यंत वाढणारा टायटन ट्रिगर त्या काळात पाणबुड्यांवरही धावून जातो आणि चावतो. फोडणे, उलटवणे, हद्द राखणे हे त्याचे समुद्रातले रोजचे जगणे. पेटीतली त्याची बदनामी याच तीन गोष्टींमुळे झाली.

नोंदीपासून मत्स्यालयापर्यंत

कार्ल लिनियसने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत अटलांटिकमधल्या क्वीन ट्रिगरला आणि हिंदी व प्रशांत महासागरांतल्या पिकासो ट्रिगरला शास्त्रीय नावे दिली. नारिंगी रेघांच्या अनड्युलेटेड ट्रिगरची नोंद करणारा मंगो पार्क पुढे आफ्रिकेतल्या नायजर नदीच्या शोधामुळे जगप्रसिद्ध झाला. त्याआधी तो ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर सहायक शल्यवैद्य म्हणून सुमात्राला गेला होता. तिथे पाहिलेल्या आठ माशांची वर्णने त्याने लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मांडली आणि ती १७९७ साली छापली गेली. त्यांतलाच हा मासा. काळ्या अंगावर पांढरे मोठे ठिपके असलेल्या क्लाउन ट्रिगरचे वर्णन १८०१ साली जर्मनीत ब्लॉख आणि श्नायडर यांच्या ग्रंथात आले. बटाव्हियात डच लष्करी डॉक्टर असलेल्या पीटर ब्लीकरने आपल्या भव्य चित्रग्रंथात या कुळाला जागा दिली, आणि भारतात फ्रान्सिस डेच्या १८७० च्या दशकातल्या ‘द फिशेस ऑफ इंडिया’मध्येही ते आले. एवढे सगळे लिहिले गेले ते मुख्यतः मेलेल्या, वाळवलेल्या किंवा दारूत बुडवून ठेवलेल्या माशांवरून. जिवंत ट्रिगरला समुद्रापासून दूर ठेवण्याची सोय कुणाकडेच नव्हती.

ती सोय होण्याची सुरुवात युरोपात झाली. १८३० च्या दशकात सिसिलीतल्या मेसिना इथे जान व्हिलप्रो-पॉवर या विदुषीने आर्गोनॉट या समुद्री प्राण्याचा अभ्यास करण्यासाठी काचेच्या पेट्या वापरल्या. १८४० च्या दशकात लंडनमध्ये अ‍ॅना थिन यांनी किनाऱ्यावरून आणलेले प्रवाळ घरात जगवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते रोज एका भांड्यातून दुसऱ्यात ओतले जाई. इंग्लंडमधला काचेवरचा कर १८४५ साली उठला आणि काच स्वस्त झाली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यघर उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि मध्यमवर्गीय घरांत काचपेट्यांची लाट उसळली. त्या पेट्यांत इंग्लंडच्या थंड किनाऱ्यावरचे समुद्रफूल, कोळंबी आणि लहान मासे असत. पाणी स्वच्छ राखण्याचे शास्त्र कच्चे असल्याने बहुतेक पेट्या थोड्याच दिवसांत कुजत. १८६० च्या दशकात ही लाट ओसरली. उष्ण समुद्रातला ट्रिगर तिथवर पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. आठवड्यांच्या जहाजप्रवासात पाणी थंड पडे, त्यातला प्राणवायू संपे आणि मासा वाटेतच मरे.

मोठ्या मत्स्यालयांना हा प्रश्न आधी सुटला. १८७१ च्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात विल्यम अल्फर्ड लॉइड यांनी जमिनीखालच्या अंधाऱ्या टाकीतून पाणी सतत फिरते ठेवण्याची पद्धत बसवली. १८७४ साली नेपल्समध्ये आंतोन डोर्न यांच्या संशोधन केंद्राचे मत्स्यालय लोकांसाठी खुले झाले. १८९६ साली न्यूयॉर्कच्या बॅटरी पार्कमध्ये मत्स्यालय उघडले आणि त्यासाठी बर्म्युडाच्या प्रवाळखडकांवरचे मासे जहाजाने येऊ लागले. बर्म्युडाचे कोळी ज्याला टर्बट म्हणतात तो क्वीन ट्रिगर त्याच खडकांवरचा. १९०४ साली होनोलुलूत वायकिकी किनाऱ्यावर मत्स्यालय सुरू झाले. तिथे समुद्र दाराशीच होता आणि हवाईचे ट्रिगर मासे थेट किनाऱ्यावरून आणता येत. भारतात १९०९ साली मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर एडगर थर्स्टन यांच्या पुढाकाराने सागरी मत्स्यालय उघडले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते बंद पडले.

या मत्स्यालयांमुळे दूरच्या समुद्रातल्या माशांचे रोगही पहिल्यांदा नीट पाहायला मिळाले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातले नवे मत्स्यालय १९२४ साली उघडले. तिथे ई. एम. ब्राउन यांनी १९३१ साली, माशांच्या कल्ल्यांवर आणि कातडीवर मखमली थर आणणाऱ्या परजीवीचे वर्णन केले, आणि १९५१ साली पांढरे ठिपके आणणाऱ्या दुसऱ्या परजीवीला नाव दिले. प्रवाळखडकांवरचे मासे पेटीत पटापट मरतात यामागे हे दोन रोग ही मोठी कारणे होती. पुढे घरगुती हौशींनी त्यांच्यावर तांब्याचे क्षार वापरायला सुरुवात केली आणि या उपायाने काही दशके पेटीचे रूपच ठरवून टाकले.

घरात प्रवेश

उष्ण समुद्रातले शोभेचे मासे पकडून परदेशी पाठवण्याचा धंदा १९३० च्या दशकात सिलोनमध्ये अगदी छोट्या प्रमाणावर सुरू झाला. १९५० च्या दशकात हवाई आणि फिलिपाइन्स त्यात आले. धंदा वाढला तो दोन साधनांमुळे: प्रवासी विमान आणि प्लास्टिकची पिशवी. पिशवीत एक तृतीयांश पाणी, वर प्राणवायू भरून तोंड घट्ट बांधायचे आणि ती थर्माकोलच्या खोक्यात ठेवायची, की मासा दीड-दोन दिवस तग धरतो. ट्रिगर पाठवताना मात्र कारागिरी लागते. त्याच्या काट्याने पिशवीला भोक पडते, दातांनी ती फाटते. म्हणून एकात एक दोन-तीन पिशव्या घालून मधे वर्तमानपत्राचा थर देतात, आणि प्रत्येक मासा वेगळा बांधतात. दोन ट्रिगर एका पिशवीत घातले तर पोहोचेपर्यंत एकाचे पर उरत नाहीत.

माशाबरोबर समुद्रही घरापर्यंत यावा लागतो. किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्याला ताजे समुद्राचे पाणी मिळणे अशक्य होते. गॉस यांनी १८५४ सालीच मिठाचा नुस्खा दिला होता, पण उष्ण समुद्रातले नाजूक मासे त्यावर टिकत नसत. १९६० च्या दशकात अमेरिकेत ‘इन्स्टंट ओशन’ हे तयार मीठ बाजारात आले. नळाच्या पाण्यात दर लिटरला साधारण ३५ ग्रॅम मिसळले की वापरण्याजोगे खारे पाणी तयार होऊ लागले. लोखंडी चौकटीत काच बसवून लुकण लावलेल्या जुन्या पेट्या खाऱ्या पाण्याने गंजत आणि गंजाचे विष पाण्यात उतरे. याच दशकात सिलिकॉनने चिकटवलेल्या नुसत्या काचेच्या पेट्या आल्या आणि ती अडचणही संपली. १९५९ साली फ्लोरिडाचे रॉबर्ट स्ट्रॉन यांचे घरगुती समुद्री पेटीवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या काळच्या हौशींना वाट दाखवणाऱ्या मोजक्या पुस्तकांपैकी ते एक.

तरी मासे मरतच होते, आणि कारण बहुतेकांना उमगत नव्हते. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. समुद्रात तो क्षणात विरतो, पेटीत साठतो आणि विष होतो. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्याचे बरेच निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. सर्गेई विनोग्रादस्की यांनी ही क्रिया १८९० च्या सुमारास उलगडली होती, पण हौशींच्या व्यवहारात ती १९७० नंतर रुळली. त्या वर्षी आलेल्या स्टीफन स्पॉट यांच्या पुस्तकाचा त्यात मोठा वाटा होता. हे जिवाणू पेटीत पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. हौशी मात्र पेटी भरली की आठवड्याभरात मासे सोडत. मग फुलपाखरू मासे, एंजल मासे एकामागून एक मरत आणि उरत ते डॅमसेल आणि ट्रिगर.

ट्रिगरची कीर्ती इथे घडली. घाणेरड्या पाण्यातही तो टिके, तांब्याचा डोस सोसे, कोळंबी, शिंपला, माशाचे तुकडे जे द्याल ते पहिल्या दिवशी खाई. हाती पैसे असलेल्या पण अनुभव नसलेल्या माणसाला यश देणारा हा मासा होता. तांबे प्रवाळांना आणि कोळंबी-खेकड्यांना मारते, त्यामुळे अशा पेटीत जिवंत प्रवाळ ठेवणे शक्यच नव्हते. तळाशी रेव, तीवर ब्लीचमध्ये धुतलेले पांढरेशुभ्र प्रवाळाचे सांगाडे आणि त्यांच्यापुढे फिरणारे दोन-चार ठळक मासे, असे १९६० आणि ७० च्या दशकांतल्या समुद्री पेटीचे रूप होते. फोडण्यासारखे तिच्यात काही नव्हतेच. अशा पेटीत ट्रिगर शोभून दिसे.

पेटीतला सहवास

तो पेटीत आला आणि आपल्या सवयी घेऊन आला. त्या काळातली मुख्य गाळणी रेवेखाली असे. तळाला भोके पाडलेली प्लास्टिकची ताटली, तिच्यावर रेवेचा थर आणि कोपऱ्यात हवेच्या बुडबुड्यांनी पाणी वर खेचणारी नळी. पाणी रेवेतून खाली झिरपे आणि रेवेच्या कणांवर वाढलेले जिवाणू ते शुद्ध करत. ट्रिगर वाळू फुंकतो आणि खळगे करतो. एका जागी ताटली उघडी पडली की पाणी सोपा मार्ग धरून तिथूनच खाली जाई, बाकीच्या रेवेत प्राणवायू पोहोचत नसे आणि गाळणी निकामी होई. त्यावर उपाय म्हणून हौशी रेवेच्या मध्यावर प्लास्टिकची जाळी अंथरू लागले. मासा जाळीपर्यंत खणे, पुढे त्याला जाता येत नसे.

हवेची नळी कुरतडणे, तापकाची वायर चावणे, रचलेला दगड ओढून काचेवर आपटणे हे प्रकार नेहमीचे. खायला द्यायला उशीर झाला की काही ट्रिगर पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाने पिचकारी मारतात. पकडल्यावर किंवा डिवचल्यावर ते घुरघुरल्यासारखा आवाज काढतात. रात्री एकच ठरलेली फट धरून आडवे झोपतात. नवख्या माणसाला मासा मेलासा वाटतो. हात घालून पेटी साफ करणाऱ्याच्या बोटाचा ते चावाही घेतात. जुनी हस्तपुस्तके दातांसाठी कवचासकट शिंपले आणि खेकडे देण्याचा सल्ला देत.

खरी अडचण वाढीबरोबर येई. दुकानात बोटभर लांबीचा दिसणारा क्लाउन ट्रिगर समुद्रात ५० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, निळ्या रेघांचा ब्लूलाइन ५५ पर्यंत. दीड-दोनशे लिटरच्या पेटीत त्याची समुद्रातली हद्द कधीच बसत नाही, मग सगळी पेटीच त्याची हद्द होते. काही महिने शेजाऱ्यांकडे लक्षही न देणारा मासा एका आठवड्यात त्यांचे डोळे आणि पर खाऊ लागतो. नव्याने सोडलेला मासा तर हमखास बळी पडतो. अनड्युलेटेड ट्रिगरबद्दल हौशींचे मत लवकर पक्के झाले: तो एकटाच ठेवावा.

या भांडखोरपणाकडे शास्त्राचेही लक्ष होते. बव्हेरियातल्या झेविझेनच्या माक्स प्लांक संस्थेत कोनराड लोरेन्झ यांनी मोठ्या समुद्री पेट्या उभारल्या. १९६३ सालच्या त्यांच्या आक्रमकतेवरच्या ग्रंथाची सुरुवात प्रवाळखडकांवरच्या माशांपासून होते. भडक रंगाचे मासे आपल्याच जातीवर सर्वांत जास्त तुटून पडतात, कारण एकच अन्न आणि एकच जागा हवी असणारा खरा प्रतिस्पर्धी तोच असतो, असे त्यांचे म्हणणे होते. या सिद्धान्तातल्या बऱ्याच गोष्टी पुढच्या संशोधकांनी खोडल्या. त्याच संस्थेशी संबंधित हान्स फ्रिके यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी तांबड्या समुद्रात ट्रिगर मासे अर्चिन कसे उलटवतात याची बारकाईने निरीक्षणे केली. काही मासे झोत मारत, काही काटा दातात धरून अर्चिन वर उचलत आणि तो खाली पडत असताना पोटाकडून फोडत. एकाच जातीत इतक्या वेगवेगळ्या युक्त्या आढळल्या, तेव्हा हा मासा शिकणारा आहे हे दिसून आले.

हौसेची किंमत

क्लाउन ट्रिगर हा त्या काळातला सर्वांत हवाहवासा वाटणारा आणि अतिशय महागडा मासा होता. तो समुद्रात एकटा राहतो, पिल्ले बहुधा खोल पाण्यातल्या गुहांपाशी असतात, म्हणून हाती कमी लागतो. ट्रिगर पकडणे तसेही सोपे नाही. जाळ्यात त्याचा काटा अडकतो आणि तो सोडवताना जाळे कापावे लागते. हाकलला तर तो फटीत जाऊन काटा उभा करतो. कसबी पाणबुड्या फटीत बोट घालून दुसरा काटा दाबतो आणि मासा बाहेर घेतो. हे काम वेळखाऊ आहे आणि बोटावर बेतणारे आहे.

फिलिपाइन्समध्ये १९६० च्या दशकाच्या आरंभी सोपा आणि घातक मार्ग निघाला. सोडियम सायनाइडच्या गोळ्या पाण्यात विरघळवून पिचकारीने फटीत मारायच्या, की मासा गुंगून बाहेर येतो. मासा शुद्धीवर येई, विकलाही जाई आणि यकृत-आतडी खराब झाल्याने काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी घरच्या पेटीत मरे. ज्या फटीत पिचकारी मारली तिथले प्रवाळही मरत. पुढे ही पद्धत इंडोनेशियात पसरली. १९८० च्या दशकात तिच्याविरुद्ध मोहीम सुरू झाली, मच्छीमारांना बारीक जाळी वापरण्याचे शिक्षण मिळू लागले, आणि पुढच्या दशकात माशांच्या शरीरात सायनाइड तपासणाऱ्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. शत्रूपासून वाचवणारी माशाची कुलूपबंद फट माणसाच्या विषापुढे उपयोगी पडली नाही.

हकालपट्टी

जाकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकी मासिकात वेगळी पद्धत मांडली होती. समुद्रातून जिवंत जीवाणू-शेवाळासकट दगड आणायचे, त्यांच्यावर थोडी हवा सोडायची आणि बाकी काम निसर्गावर सोपवायचे. त्यांच्या पेट्यांत प्रवाळ जगत. फारसे कुणी मनावर घेतले नाही. १९७० आणि ८० च्या दशकांत जर्मनीत ही वाट पुढे गेली. जिवंत दगड, प्रखर दिवे आणि पाण्यातला सेंद्रिय मळ फेसाबरोबर बाहेर काढणारा स्किमर या तिघांवर उभी राहिलेली ‘बर्लिन पद्धत’ पेटर विल्केन्स यांच्या लेखनातून पसरली. १९८६ साली अमेरिकी मासिकात जॉर्ज स्मिट यांची छोट्या प्रवाळपेटीवरची लेखमाला आली आणि हौसेचे ध्येयच पालटले. एकेका माशापेक्षा आता अख्खा खडक घरी हवा होता.

अशा पेटीत गोगलगायी शेवाळ खातात, खेकडे आणि कोळंबी उष्टे वेचतात, मऊ तोंडाचे मासे प्रवाळांत फिरतात. ट्रिगरच्या दृष्टीने यातले बहुतेक सगळे अन्न आहे. तांब्याचे औषध आता वापरता येत नव्हते आणि दणकट मासाच पाहिजे अशी अडही राहिली नव्हती. विक्रेत्यांच्या याद्यांत ‘रीफ-सेफ’ (प्रवाळपेटीत निर्धोक) हा शब्द आला आणि ट्रिगर नकोशांच्या रकान्यात गेला.

हा शिक्का कुळातल्या सगळ्यांना सारखा लागू नाही. लाल दातांचा नायजर ट्रिगर आणि निळ्या गळ्याचा ट्रिगर हे पाण्याबरोबर वाहत येणारे बारीक जीव खातात. त्यांचा स्वभाव बराच सौम्य असतो आणि काही हौशी त्यांना प्रवाळपेटीतही ठेवतात. पिकासो मधल्या पायरीवर. टायटन, ब्लूलाइन, क्वीन, अनड्युलेटेड आणि मोठा झालेला क्लाउन यांना स्वतंत्र पेटी लागते. सहाशे-सातशे लिटरपासून पुढची पेटी, एकावर एक चिकटवून पक्के केलेले दगड, बाहेरच्या टाकीत ठेवलेली गाळणी आणि तापक, आणि सोबतीला कोणी नाही किंवा तेवढाच दांडगा ईल, ही त्यांच्यासाठीची रुळलेली मांडणी. पाळणाऱ्याचे एका माशाशी दीर्घ नाते जडते ते बहुधा अशाच पेटीत.

खडकावरचे मोल

हौशींनी सर्वांत वाईट ठरवलेल्या अनड्युलेटेड ट्रिगरची दुसरी बाजू केनियाच्या किनाऱ्यावर पुढे आली. तिथे टिम मॅकक्लॅनहन यांनी १९८० च्या दशकापासून मासेमारी बंद असलेली सागरी उद्याने आणि खुली क्षेत्रे यांची तुलना केली. मासेमारीने ट्रिगर संपले तिथे अर्चिनांची संख्या बेसुमार वाढली. त्यांनी खडक खरवडून पोखरले आणि प्रवाळांचे आच्छादन घटले. उद्यानांत अर्चिन आटोक्यात होते, आणि त्यांना आटोक्यात ठेवणारा प्रमुख मासा हाच. मंगो पार्कने सुमात्रात टिपलेला आणि हौशींनी गुंड ठरवलेला हा मासा खडकाचा राखणदार निघाला. पेटीतला प्रवाळ जपण्यासाठी ज्याला बाहेर काढायचे, समुद्रातला प्रवाळ टिकवायला तोच हवा.

हवाईने आपल्या ट्रिगरला मानाचे स्थान दिले. १९३३ सालच्या एका लोकप्रिय गाण्यामुळे त्याचे लांबलचक हवाई नाव, हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ, अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पोहोचले होते. लोकांच्या मतदानानंतर १९८५ साली तो राज्यमासा ठरला. तो दर्जा पाच वर्षांच्या मुदतीचा होता. २००६ साली त्याला कायमचा दर्जा मिळाला.

मुंबई आणि भारतीय किनारा

मुंबईत १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले. मरीन ड्राइव्हवरच्या या वास्तूसाठी पारशी दानशूर डी. बी. तारापोरवाला यांनी २ लाख रुपये दिले होते. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी समुद्री मासा जिवंत पाहिला तो इथे. २०१५ च्या नूतनीकरणानंतर तिथल्या टाक्यांत ट्रिगरही होते. घरगुती हौस मात्र मुंबईत गोड्या पाण्याची राहिली. शहराजवळचा समुद्र गढूळ, पावसाळ्यात त्याचा खारेपणा घटतो, आणि आयात मीठ, स्किमर, पाणी थंड ठेवणारे यंत्र हा खर्च थोड्यांनाच पेलतो. २००१ साली कठीण प्रवाळांच्या सर्व जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आल्यापासून भारतीय समुद्रातले प्रवाळ आणि त्यांचे दगड काढणे हा गुन्हा आहे. त्यामुळे इथल्या समुद्री पेटीत बनावट दगड आणि नुसते मासे ही मांडणी टिकून राहिली आणि तिच्यात ट्रिगरलाही जागा राहिली.

लक्षद्वीपच्या खडकांवर ट्रिगरच्या अनेक जाती आहेत. कर्नाटक-केरळच्या किनाऱ्यावर गेल्या काही दशकांत ट्रॉलरच्या जाळ्यात नायजर ट्रिगर मोठ्या प्रमाणावर येऊ लागला. त्यातला बराचसा माल मासळीच्या कुटाला जातो. परदेशी दुकानात एकेक मोजून, पिशवीत प्राणवायू भरून विकला जाणारा मासा इथे टोपल्यांनी उतरतो.

आजची स्थिती

२००३ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाशी संलग्न केंद्राने केलेल्या पाहणीनुसार जगात दरवर्षी २ ते २.४ कोटी समुद्री शोभेचे मासे विकले जात होते आणि त्यांच्या १,४७१ जाती होत्या. क्लाउनफिशसारख्या थोड्या जाती पेटीत जन्मतात. ट्रिगरची अंडी आणि त्यातून निघणारी पिल्ले अतिशय बारीक. त्यांना पहिल्या दिवसांत लागणारे सूक्ष्म खाद्य मिळवणे अवघड. अलीकडे काही जाती प्रयोगशाळेत वाढवण्यात यश आले असले तरी बाजारात दिसणारा बहुतेक प्रत्येक ट्रिगर समुद्रातून पकडलेला असतो. मोठा झालेला ट्रिगर परत घ्यायला दुकानदार राजी नसतो, सार्वजनिक मत्स्यालयांकडेही जागा नसते, आणि परक्या समुद्रात तो सोडणे तिथल्या जीवांना धोक्याचे असते. योग्य सांभाळ झाला तर तो पेटीत दहा वर्षांहून अधिक जगतो. म्हणून जाळीने पकडलेला मासाच घेणे, पूर्ण वाढलेल्या लांबीच्या हिशेबाने पेटी आधी उभारणे आणि त्याच्या स्वभावाशी जुळेल एवढीच संगत ठेवणे, हे नियम या हौसेच्या पाऊण शतकाच्या अनुभवातून निघाले आहेत. ट्रिगरला पेटीत कसे बसवायचे, हा जुना प्रश्न. या माशाला पुरेल अशी पेटी आपल्याला देता येते का, हा आजच्या जबाबदार हौशीचा प्रश्न आहे. उत्तर नकारार्थी असेल, तर मासा खडकावरच राहू द्यावा. तिथे त्याला करायला काम आहे.